आधी लोखंडाला हात

प्रिय नील आणि ईरा,

डिसेंबरच्या सुट्टीत तुम्ही इथे आला होतात, तेव्हा ईराने मला एका गोष्टीवरून बरंच चिडवलं होतं. वसतिगृहाच्या कार्यालयातल्या संगणकाची धूळ काढायची होती. झाकण उघडण्याआधी मी उठून खिडकीच्या गजाला हात लावून आले. मध्येच फोन आला, तो घेतला, आणि परत कामाला बसण्याआधी पुन्हा गजाला हात लावला. "आजी, हा कुठला देव?" ईराने विचारलं. "देव नाही, मिस्त्री," मी म्हटलं. तुम्ही दोघंही हसलात. दुसऱ्या दिवशी तुमचं विमान होतं, बॅगा भरायच्या होत्या, त्यामुळे उत्तर अर्धंच राहिलं.

मिस्त्री गेल्या महिन्यात वारले. अर्धी राहिलेली कामं मला स्वस्थ बसू देत नाहीत, हे तुमच्या बाबाला चांगलं ठाऊक आहे. म्हणून ते उत्तर आज पूर्ण करते.

त्यांचं नाव गणपतराव चौगले. राधानगरी तालुक्यातल्या एका लहान गावचे. तरुणपणी कोल्हापुरात आले आणि एका कारखान्यात वीस-बावीस वर्षं लेथवर काम केलं. पुढे त्या कारखान्यात संगणकावर चालणारं यंत्र आलं. ते बंद पडलं की पुण्याहून इंजिनिअर येई, आणि गणपतराव आपलं काम संपवून त्याच्या पाठीमागे हात बांधून उभे राहत. चार वर्षं नुसते उभे राहिले. पाचव्या वर्षी इंजिनिअरला पुण्याहून यायची गरज उरली नाही. नंतर त्यांनी शाहूपुरीत संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान काढलं. त्यांच्या मुलाने, अमरने, दुकानाच्या पाटीवर इंग्रजीत काहीतरी सिस्टीम्स असं लिहवून घेतलं. पण गिऱ्हाईक 'मिस्त्री आहेत का?' असंच विचारत यायचं. मीही त्यांना कायम मिस्त्रीच म्हटलं आणि त्यांनी मला बाई.

पांढरा लेंगा, पांढरा सदरा, पांढरी टोपी. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एक इंची रंगाचा ब्रश, दात घासायचा जुना ब्रश, एक भिंग, एक दाभण, आणि एक स्क्रू ड्रायव्हर, ज्याची पितळी मूठ त्यांनी स्वतः लेथवर काढली होती. कामाला बसताना ते चपला दाराबाहेर काढत, टोपी काढून टेबलावर उलटी ठेवत आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्या टोपीत टाकत. काम संपल्यावर टोपी रिकामी झाली तरच ती डोक्यावर चढे. एकही स्क्रू उरलेला मी कधी पाहिला नाही.

मी निवृत्त झाल्यावर मुलींच्या या वसतिगृहाचं कार्यालय सांभाळायला घेतलं. खेड्यापाड्यांतून शिकायला आलेल्या साठेक मुली, एक समिती, एक आक्काताई आणि एक संगणक, एवढा पसारा. आक्काताई तुम्ही पाहिल्या आहेत. निपाणीकडच्या, वसतिगृहाचं स्वयंपाकघर आणि शिस्त दोन्ही त्यांच्या हातात. संगणकात मुलींच्या नोंदींची जी प्रणाली आहे, ती तुमच्या बाबाने इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी सुट्टीत बसून लिहून दिली होती. कोण कुठल्या गावची, कोणाला कुठली शिष्यवृत्ती, कोणाला कुठलं औषध चालत नाही, सुट्टीत कोणाच्या ताब्यात द्यायची, सगळं त्यात. बाबा परदेशी गेला आणि ती प्रणाली इथे राहिली.

चौथ्या वर्षी संगणक मध्येच बंद पडायला लागला. दहा मिनिटं चाले आणि विझे. कोणीतरी मिस्त्रींचं नाव सांगितलं. ते आले, चपला काढल्या, टोपी उलटी ठेवली, आणि खिडकीपाशी जाऊन गजावर तळहात टेकवून क्षणभर उभे राहिले. मला वाटलं, बाहेरची गाडी बघताहेत.

"यंत्र कुणाचं हे?" त्यांनी विचारलं.

"वसतिगृहाचं."

"तसं न्हाय. रोज हात कुणाचा लागतोय?"

"माझा."

"मग बसा हितं म्होरं. मालक म्होरं बसल्याबिगर मी यंत्र खोलत न्हाय."

मला हजार कामं होती. पण त्यांचा आवाज असा होता की मी बसले. हा त्यांचा पहिला नियम. झाकण निघालं आणि मी डोळे मिटले. आत सगळं लाल-पिवळं. पंख्याच्या पात्यांवर हळदीकुंकवाचा थर, खाली वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या, कोपऱ्यात अक्षता. दर खंडेनवमीला आक्काताई हत्यारांची पूजा करत. विळी, जातं, पाण्याची मोटर आणि संगणक. मूठभर हळदकुंकू जाळीतून सरळ पोटात जात होतं.

"हे यंत्र हाय का देव्हारा?" मिस्त्रींनी एकेक पाकळी दाभणाने काढत विचारलं.

आक्काताई दारातच उभ्या होत्या. "वर्षातनं एकदा पूजा करतोय आम्ही. तुम्ही तुमच्या हत्यारांची करत न्हाईसा?"

"करतोय की. पर लेथच्या पोटात कुंकू वतत न्हाय."

"माझ्या आईनं, आमच्या अव्वानं, जन्मभर जात्याला कुंकू घातलं. जातं काय बंद पडलं न्हाई ते!"

"जात्याला पंखा नसतोय, आक्का."

मला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. समोरच्या भिंतीवर माझ्या अक्षरातली यादी लावलेली होती: दर शनिवारी संगणक पुसणे. पुढे माझी सही, चार वर्षांच्या सगळ्या शनिवारांची. बाहेरून तो आरशासारखा होता. माझ्या यादीत आतली बाजू नव्हती.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मिस्त्री न बोलावता हजर झाले. आक्काताईंच्या तबकातलं कुंकू करंगळीने उचललं, पेटीच्या माथ्यावर, जाळीपासून वीतभर लांब, एक टिकली लावली, एक फूल ठेवलं आणि नारळ उंबऱ्याबाहेर जाऊन फोडला. "पूजा भायेरनं," ते आक्काताईंना म्हणाले. "त्याला पोचती." पुढे दर वर्षी ते असेच येत राहिले, आणि आक्काताई त्यांच्यासाठी पहिलं फूल बाजूला काढून ठेवायला लागल्या.

गजाला हात का लावता, हे मी दुसऱ्या खेपेला विचारलं. थंडीत लोकरीचा स्वेटर काढताना चट्चट् आवाज येतो ना, ती आपल्या अंगात साठलेली वीज. माणसाला ती जाणवतही नाही, पण संगणकाच्या आतला एखादा भाग तेवढ्याने मरतो. लोखंडाला हात लावला की ती उतरून जाते. मिस्त्रींनी हे मला एका वाक्यात सांगितलं: "आपल्या अंगात काय घिऊन आलोय, ते आपल्याला म्हाईत नसतंय, बाई. आधी लोखंडाला हात, मग यंत्राला."

महापुराच्या वर्षी आमच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी आलं. आक्काताईंनी संगणक वाकळेत गुंडाळून लेकरासारखा पहिल्या मजल्यावर नेला, म्हणून आमचा वाचला. आसपासच्या दुकानांचे, दवाखान्यांचे मात्र चिखलात बसले होते. पाणी ओसरल्यावर मिस्त्रींच्या दुकानापुढे रांग लागली. वाळवायला ऊन कुठलं, पाऊस चालूच होता. मिस्त्रींनी संगणकांच्या आतले सगळे बोर्ड काढून स्वच्छ पाण्याने धुतले आणि टेम्पोत घालून आपल्या जुन्या ओळखीच्या ओतकामाच्या शेडमध्ये नेले. तिथे भट्टीच्या कडेला रात्रंदिवस ऊब असते. दोऱ्या बांधून, कपड्यांचे चिमटे लावून त्यांनी ते बोर्ड ओळीने टांगले. प्रत्येकाला मालकाच्या नावाची चिठ्ठी. मी एकदा समितीच्या कामाने त्या बाजूला गेले होते, तेव्हा पाहिलं. साठ-सत्तर हिरवे बोर्ड टांगलेले, आणि मिस्त्री त्यांच्यातून हात मागे बांधून फिरत होते.

एक व्यापारी तिथे येऊन घाई करत होता. "मिस्त्री, वरनं कोरडं दिसतंय. द्या की. लावून तर बघतो."

"पावणं, अजून चार दिस."

"चार दिस? माझं सगळं काम अडलंय!"

"ओलं यंत्र मरत न्हाय. घाई मारतीया त्याला."

त्याने हट्टाने बोर्ड नेला, घरी जाऊन संगणकात बसवून चालू केला, आणि संध्याकाळी जळका वास घेऊन परत आला. मी तिथे नव्हते, अमरने मला हे नंतर सांगितलं. "आप्पा एक शब्द बोलले नाहीत," तो म्हणाला. "त्यांनी फक्त त्या चिठ्ठीवरचं नाव खोडलं. तो माणूस शिव्या खायच्या तयारीने आला होता. त्याला ते सहन झालं नाही, तो रडायला लागला."

आणखी एक दुपार मला आठवते. मी दुकानात छपाईची शाई आणायला गेले होते. एक चांगल्या घरचे दिसणारे गृहस्थ आपल्या वारलेल्या भावाचा संगणक घेऊन आले होते. आत काय काय आहे ते बघायचं होतं त्यांना. मिस्त्रींनी पेटीला हातच लावला नाही. "वैनी कुठायत?" त्यांनी विचारलं.

"त्यांना काय कळतंय यातलं?"

"यंत्र आता त्यांचं हाय. त्यास्नी घिऊन या."

गृहस्थ चिडले, बरंच बोलले. मिस्त्री दुसऱ्या कामाला लागले. तासाभराने ते गृहस्थ वहिनींना घेऊन परत आले, हे मी पाहिलं, कारण कुतूहलाने मी शाईचं काम लांबवत बसले होते. मिस्त्रींनी आपली खुर्ची त्या बाईंना दिली आणि स्वतः स्टुलावर बसले. प्रत्येक पायरीला विचारत होते, "वैनी, खोलू? वैनी, हे दावू?" बाई सुरुवातीला नुसती मान हलवत होत्या. एका जागी त्या म्हणाल्या, "हे नको." मिस्त्रींनी तिथेच यंत्र बंद केलं. दीर काही बोलू लागले, तर मिस्त्री म्हणाले, "मालक नगं म्हणालाय." एवढंच. त्या बाई पेटी स्वतः उचलून घेऊन गेल्या. त्यात काय होतं, मला माहीत नाही. मिस्त्रींनाही माहीत नव्हतं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तीनेक वर्षांपूर्वी आमचा संगणक फारच मंदावला. शिष्यवृत्तीचे अर्ज आता संगणकावरून भरावे लागतात. मुदतीच्या आठवड्यात मुली दारात रांग लावून उभ्या असायच्या आणि एकेक पान उघडायला पाच-पाच मिनिटं लागायची. समितीतले एक सभासद म्हणाले, भंगारात घाला, नवा आणू. पण नव्या यंत्रावर बाबाची जुनी प्रणाली चालणार नव्हती. मी मिस्त्रींना बोलावलं. ते सभासदांना म्हणाले, "पावणं, बैल धडधाकट हाय. नुसतं जू झिजलंय. जू बदलू."

दोन गोष्टी बदलायच्या होत्या, हार्ड डिस्क आणि प्रोसेसर. आक्काताईंनी त्याचा अर्थ विचारला. "डिस्क म्हंजी तुमचं कोठार," मिस्त्री म्हणाले. "आनि प्रोसेसर म्हंजी वाढणारी बाई. कोठार लांब आनि बाई म्हातारी, मग पंगत उठंल कशी?"

"मला म्हणताय व्हय म्हातारी?"

"न्हाय न्हाय, आक्का. तुमच्यासारखी शोधून आणलीया."

खरंच त्यांनी तो प्रोसेसर शोधून आणला होता. आमच्या जुन्या बोर्डाला चालेल असा, त्या काळातला सर्वांत वरच्या दर्जाचा. नवा मिळतच नव्हता; कुठल्याशा कार्यालयाच्या मोडीतून निघालेला त्यांनी दोन महिने धीर धरून मिळवला. बुधवारी काम करायचं ठरलं.

मंगळवारी दुपारी अमरचा फोन आला. "बाई, एक विनंती आहे. उद्या आप्पांना नको म्हणा. मी येतो."

"का रे?"

तो म्हणाला, की आप्पांच्या हाताला कंप सुटला आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, वाढतच जाणार. गेल्या महिन्यात प्रोसेसर बसवताना त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या बोर्डाच्या पिना वाकवल्या. केसाएवढ्या बारीक पिना, वाकल्या की बोर्ड गेला. अमरने गुपचूप नवा बोर्ड घालून दिला. "मी सांगितलं तर चिडतात. माझ्यापुढे पेलाही धरत नाहीत आता. तुमचं ऐकतील. आणि तुमच्या मुलींचं सगळं आहे त्यात, बाई."

मला तो खरं बोलतो आहे हे कळत होतं. गेल्या खेपेला मिस्त्रींनी चहा घेतला नव्हता. उघड्या यंत्रापाशी चहा घ्यायचा नाही हा त्यांचा नियम होताच. पण त्या दिवशी झाकण लावल्यावरही त्यांनी कप तसाच ठेवला होता.

"त्यांचं नि माझं उद्याचं ठरलं आहे, अमर," मी म्हटलं. "मी आता बदलणार नाही."

फोन ठेवला. मी धाडसी बाई नाही. मी यादी करणारी बाई आहे. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत मी प्रत्येक मुलीची नोंद छापून घेतली. साठ मुली, प्रत्येकीची तीन पानं. भोकं पाडून, नावाच्या क्रमाने चार फायलींत लावली. बोर्ड गेला तरी मुलींचं काही जाणार नाही, एवढी व्यवस्था झाल्यावर मी घरी गेले.

बुधवारी मिस्त्री दहा वाजता आले. चपला, टोपी, गज. गजावरचा हात थरथरत होता. तो त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथे ठेवला. मी समोर बसले. टेबलावरच्या चार फायलींकडे त्यांनी बघितलं, मग माझ्याकडे.

"एवढं छापून ठिवलंय? भ्या वाटलं व्हय माझं?"

खोटं बोलायला वेळ होता. मी "हो" म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "बरं केलंसा. मलाबी वाटतंय."

त्यानंतर आम्ही दोघं मोकळे झालो, असं मला वाटतं.

आधी डिस्क. जुनी डिस्क नव्या डिस्कवर जशीच्या तशी उतरवून घ्यायची होती. त्याला साडेतीन तास लागले. मिस्त्री खुर्चीवरून हलले नाहीत. अधूनमधून जुन्या डिस्कजवळ कान नेत. आत तबकडी फिरत असते, तिचा बारीक टकटक आवाज येत होता. "दमलीया बिचारी," ते म्हणाले. "पर वझं टाकंना झालीया. शेवटचा दाणा दिऊनच थांबंल." सगळं उतरल्यावर त्यांनी ती डिस्क काढली, पिशवीतल्या धुवट फडक्यात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "जुनं मालकाचं." दुसरे दुकानदार जुने भाग ठेवून घेतात, मिस्त्रींनी कधीच ठेवला नाही. ते फडकं सोडून बघाल, तर तुमच्या बाबाने विसाव्या-एकविसाव्या वर्षी लिहिलेली ती प्रणाली त्यात आहे. माझ्या कपाटात, डावीकडच्या खणात.

मग प्रोसेसर. वरचा पंखा निघाला. खाली वाळलेल्या चुन्यासारखं काहीतरी होतं, ते त्यांनी पुसून काढलं. जुना प्रोसेसर उचलला. त्याच्या खालची बैठक उघडी झाली. चौकोनी जागेत शेकडो सोनेरी पिना, हरळीच्या कोंबांसारख्या एका बाजूला कललेल्या. त्यांच्यावर प्रोसेसर अलगद ठेवायचा. जरा तिरका पडला, जरा घसरला, की संपलं.

मिस्त्रींनी नवा प्रोसेसर दोन बोटांत धरला, बैठकीवर नेला. हात थरथरला. त्यांनी तो मागे घेतला. उठून गजाला हात लावून आले. पुन्हा नेला. पुन्हा मागे. दारात आक्काताई येऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्या वेळी मिस्त्रींनी उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं. तर दोन्ही हात थरथरू लागले.

त्यांनी प्रोसेसर त्याच्या डबीत परत ठेवला. मी अमरला फोन करायचा विचार केला आणि केला नाही.

"बाई," ते म्हणाले, "चष्मा लावा. आनि गजाला हात लावून या."

"मी?"

"मालकाचा हात हाय. चालतोय."

मी गजाला हात लावला. लोखंड गार होतं. परत येऊन बसले. मिस्त्रींनी भिंग माझ्या डोळ्यांपुढे धरलं, तेही हलत होतं, म्हणून आक्काताईंनी पुढे होऊन त्यांच्या हातातून ते घेतलं आणि धरलं. "कडंला धरा. सोन्याला बोट लावू नगा. कोपऱ्यात तिरकोण दिसतोय? खालच्या तिरकोणावर त्यो आला पायजे. आला? आता सोडा."

"दाबू?"

"दाबायचं न्हाय!" एवढ्या मोठ्याने ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मग हळू आवाजात म्हणाले, "दाबायचं न्हाय, बाई. ठेवायचं नुसतं. बसतंय आपल्या वजनानं."

मी बोटं सोडली. काहीही आवाज झाला नाही. तो नुसता बसला, जसा तिथलाच होता.

"आता हे माझं," मिस्त्री म्हणाले. बाजूची लोखंडी दांडी खाली दाबून अडकवायची असते. तिला जोर लागतो आणि ती अशी करकरते की काहीतरी मोडलं असंच वाटतं. ती त्यांनी अंगठ्याने एका दमात बसवली. तिथे थरथर नव्हती. मग त्यांनी नळीतली करडी पेस्ट माझ्याकडून प्रोसेसरवर लावून घेतली. "किती?" मी विचारलं. "तांदळाच्या दाण्याएवढी. आपल्या बारक्या घनसाळाच्या. बासमती नगं." पंखा चढला, टोपीतले स्क्रू एकेक करून संपले. बटण दाबलं. यंत्राने एक बारीक शिट्टी दिली.

"एक शिट्टी," मिस्त्री म्हणाले. "बरं हाय."

पडद्यावर बाबाची प्रणाली उघडली. पूर्वी चहा होऊन जायचा इतका वेळ लागे. आता मी चष्मा पुसते आहे तोवर मुलींची यादी समोर आली. आक्काताई पदराने डोळे पुसत होत्या आणि भिंगामुळे पाणी आलं म्हणत होत्या.

तेवढ्यात अमरचा फोन आला, मिस्त्रींनाच. मला त्यांचंच बोलणं ऐकू येत होतं. "व्हय. झालं... न्हाय, पिना न्हाय वाकल्या... मी न्हाय बसवला. बाईंनी बसवला." पलीकडे अमर काही बोलला असेल. "व्हय, आता म्होरलं तू बघ," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. टोपी उलटून बघितली, रिकामी होती, डोक्यावर घातली. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला. दोन्ही हातांनी कप धरून, आमच्यासमोर, थोडा सदऱ्यावर सांडत. पितळी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर ते टेबलावर विसरले. मी हाक मारली, तर मागे न बघता म्हणाले, "असू द्या तितंच."

त्यानंतरच्या खंडेनवमीला ते आले नाहीत. आक्काताई फूल बाजूला काढून दुपारपर्यंत थांबल्या. शेवटी करंगळीने टिकली मीच लावली. अमरला विचारलं तेव्हा कळलं की आप्पा गावी राहायला गेले आहेत. पुढच्या रविवारी आक्काताई आणि मी गाडी करून त्यांच्या गावी गेलो.

घराच्या पुढच्या सोप्यात खिडकीखाली ते बसले होते. बारीक झाले होते. दोन्ही हात मांडीवर, आणि ते सतत हलत होते, जणू त्यांच्याशी मिस्त्रींचा काही संबंध नव्हता. यंत्र कसं आहे, त्यांनी विचारलं. उत्तम आहे, सांगितलं. "आतनं साफ करताय न्हवं?" "दर महिन्याला. यादीत घातलं आहे." ते हसले.

अमरची बायको बाळंतपणासाठी सासरीच राहिली होती. बाळ दीड महिन्याचं, मुलगी. तिने बाळाला बाहेर आणलं. आक्काताईंनी घेतलं, मी घेतलं, शेजारणीने घेतलं. मिस्त्री बघत होते. त्यांच्याकडे बाळ कोणी नेत नव्हतं आणि ते मागतही नव्हते. घरातल्यांना त्याची सवय झालेली दिसत होती.

मग मी पाहिलं. त्यांनी उजवा हात वर केला आणि पाठीमागच्या खिडकीच्या गजावर ठेवला. तळहात टेकवून, नेहमीसारखा, क्षणभर. हात खाली घेतला आणि दोन्ही पुढे केले.

सून घुटमळली. "आप्पा, पडंल हो."

"मांडीत ठेव," ते म्हणाले. "दाबू नगं. ठेव नुसती. बसती आपल्या वजनानं."

तिने आमच्याकडे बघितलं. आक्काताई म्हणाल्या, "ठेव गं." तिने वाकून बाळ त्यांच्या मांडीत ठेवलं आणि हळूच हात काढून घेतले.

पाऊस येईलसं वाटत होतं म्हणून आम्ही लवकर निघालो. गाडी वळताना मी मागे बघितलं. मिस्त्री तसेच बसले होते, मान खाली घालून. त्यांचे हात हलत होते, थांबत नव्हते, आणि त्या हातांत ती गाढ झोपली होती.

तुमची आजी